जानेवारीचा तामडा

“म्हणजे काकू, तुम्ही जूनच्या!”

काचेच्या काउंटरपलीकडून त्या मुलीने माझ्या बोटातल्या मोत्याकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. ऋतुजा तिचं नाव. फार्मसी कॉलेजात शिकत होती. मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी अंगठी घ्यायला आली होती, पण घ्यायचं राहिलं बाजूला, बाईसाहेबांचे प्रश्नच संपत नव्हते.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लातूरच्या सराफ लाइनीत आमचं दुकान. दागिने माझे यजमान बघायचे आणि खड्यांचा कप्पा माझ्याकडे होता. तोवर आमच्याकडे खडा घ्यायला येणारं माणूस ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन यायचं. कुणाला गुरूसाठी पुष्कराज, कुणाला शनीसाठी नीलम. त्याला पत्रिका लागते, जन्मवेळ लागते. जन्ममहिन्याच्या खड्याची टूम नवीन होती आणि तिला नुसता महिना पुरायचा. जानेवारीला तामडा, फेब्रुवारीला जांभळा कटेला, जूनला मोती. कॉलेजच्या पोरी त्यासाठी यायला लागल्या होत्या.

“कुणी ठरवलं हो हे?” ऋतुजाने विचारलं. “ऋषीमुनींनी?”

“ऋषीमुनी कसले! अमेरिकेतल्या सराफांनी. शंभरेक वर्षांपूर्वी एकत्र बसून यादी पक्की केली. त्याआधी देशोदेशी वेगवेगळी चालायची.”

“म्हणजे ग्रहांचं काहीच नाही?”

“काही नाही. आवडला तर घालायचा. पण मोती घेतलास तर सांभाळावा लागतो हं. तो मुळात दगडच नाही, शिंपल्याच्या पोटात वाढलेला जीव आहे. अत्तर, पावडर, सगळं झाल्यावर शेवटी घालायचा आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढायचा. मऊ फडक्याने पुसायचा. घाम आणि साबण त्याला खपत नाही.”

“तुमचा कसा छान राहिलाय. जूनची तारीख कुठली तुमची?”

“एक जून.”

ती मुलगी खळखळून हसली. “अय्या! आमचे बाबा एक जून, मोठे काका एक जून, आत्या एक जून. शाळेत घालताना मास्तरांनीच टाकलेली. तुमची खरी आहे का?”

मीही हसले. आमच्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो, हे मला काय माहीत नव्हतं? पण ती गेल्यावर मी मोती पुसायला घेतला आणि हात थांबला. दिवसभर आल्यागेल्याला ‘तुमचा महिना कोणता’ म्हणून विचारणारी मी, स्वतःचा महिना कधी कुणाला विचारलाच नव्हता.

माझी आई तेव्हा औशाला माझ्या भावाकडे असायची. रविवारी गेले, तर ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही पाट ओढून बसले आणि शेंगा सोलता सोलता विचारलं, “आई, मी खरी कवा झाले गं?”

“झालीस की पावसाळ्यात.”

“आखाडात का श्रावणात?”

“ते कुठं ध्यानात ऱ्हातंय? काय करूलालीस आता त्याचं?”

मी सोडून दिलं. पण पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं, तर म्हणाली, उन्हाळा होता, विहिरीला पाणी नव्हतं. मी म्हटलं, मागं तर पावसाळा म्हणालीस. तशी ती उठून आत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

आता मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. कारण माझ्या भावाचा जन्म तिला पाठ होता. नागपंचमीचा दुसरा दिवस, सूर्य उगवून कासराभर वर आलेला, बाहेर पाऊस. त्याची पत्रिका होती. माझी नव्हती. माझं लग्न नुसतं नावावरून गुण जुळवून झालं होतं. मुलीकडे कोण लक्ष देतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण माझी आई लक्ष न देणाऱ्यांतली नव्हती. मला गोवर कधी आला, माझा पहिला दात कधी पडला, सगळं तिला आठवायचं. नेमका जन्मच विसरली?

त्या साली वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, मी मुद्दाम माहेरच्या शेतावर गेले. आमच्या भागात हा सण म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करून पूजा मांडतात, मडक्यातली आंबील, मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन माणसं झाडाखाली आडवी होतात. आईही आली होती. आणि माझी इंदरकाकू, माझ्या वडिलांची, नानांची, धाकटी भावजय, सत्तरीला टेकलेली, पण आवाज असा की पलीकडच्या शेतातल्याने वळून बघावं.

मी आंबिलीची वाटी तोंडाला लावली, तशी काकू म्हणाली, “पी पी. तुझ्यापायी एकदा माझी अख्खी आंबील वाया गेली होती.”

“माझ्यापायी?”

“मग! सून म्हणून माझं पयलंच वरीस. येळवशीचा आदला दिस. सासूनं आंबिलीचं माझ्यावर सोडलेलं. आन् ऐन वख्ताला हिला कळा सुरू झाल्या.” तिने आईकडे हनुवटी केली. “मी पाणी तापवू का आंबील बघू? खाली लागली सगळी. दुसऱ्या दिशी समद्यांनी ताकावर भागवलं.”

“येळवस डिसेंबरात का जानेवारीत आलेली गं त्या साली?”

“तुमचे म्हैने मला काय ठावं? पन संक्रांत लागूनच आलती. बाया सुगडं पुजायला निघाल्या तर तुझं रडनं गल्लीभर.”

म्हणजे जानेवारी. मी मोठ्याने म्हटलं, “आई, मी जानेवारीची!” आणि वळून पाहिलं. आई बसल्या जागी गोठल्यासारखी झाली होती. हातातला उंडा तसाच. इंदरकाकूनेही तिचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ती बोलायची थांबली. मग पदर सावरत उठली आणि ‘पोरं कुठं गेली बघते’ म्हणत निघून गेली.

मी आईच्या जवळ सरकले. “काय झालं? जानेवारीत जन्माला येणं काय पाप आहे का?”

“हळू बोल.”

“इथं कोण आहे ऐकायला?”

तिने चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाली, “मूळ होतं.”

“काय?”

“नखत्र. मूळ नखत्रावर झालीस तू. गुरुजींनी पंचांग उघडलं आन् गप झाले. नानांनी इचारलं तर म्हनले, पोरगी चांगलीय, पन सासऱ्याच्या मुळावर येईल. हिला द्यायची तर बिनसासऱ्याच्या घरी द्या.” आई माझ्याकडे न बघता बोलत होती, हाताने मातीतली काटकी मोडत. “नाना म्हनले, पत्रिका करू नका. कुनाला बोलू नका. घरात काकूला म्हाईत, मला म्हाईत. शाळेत घातलं तवा तुझे नाना स्वता गेले मास्तराकडं आन् म्हनले, एक जून टाका. समद्यांचंच एक जून. त्या गर्दीत तुला लपवली.”

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. कारण मामंजींचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, चार दिवसांच्या दुखण्याचं निमित्त होऊन ते गेले. मला त्यांचा सहवास जेमतेम लाभला, पण मोत्याची पारख मी त्यांच्याकडूनच शिकले. मोती दातांवर हलकेच घासून बघायचा, खरा असेल तर बारीक रेतीसारखा लागतो, हे त्यांनी मला, नव्या सुनेला, दुकानात बसवून दाखवलं होतं. ते गेले तेव्हा नातलगांमध्ये ‘पायगुण’ असा शब्द फिरला होता. एकदाच फिरला. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, भर माणसांत अशी जरब बसवली की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही.

“आई,” मी म्हटलं, “तुला खरंच वाटतं की माझ्यामुळे...”

“मला काय वाटतं ते सोड. झालं की नाही तसं?” तिने आता माझ्याकडे पाहिलं. “घर बगितलं, पोरगा बगितला. सासरा हाय म्हनून सोडून द्यायचं हुतं. पन इतकं चांगलं स्थळ... मी म्हनले, नखत्रबिखत्र काय नसतंय. आन् वरसाच्या आत त्यांचा निरोप आला. मी तुझ्या सासूच्या दारात गेले तवा त्यांनी मला मिठी मारली गं. मला! तवापासून त्यांच्या घरातला घास माझ्या घशाखाली उतरत नाही.”

माझ्या ध्यानात आलं, आई आमच्याकडे कधी जेवली नव्हती. नेहमी उपवास असायचा, नाहीतर पोट बिघडलेलं असायचं.

“सासूला कळू देऊ नगंस,” ती म्हणाली. “माझी आन हाय.”

लातूरला परतताना एसटीत मी खिडकीपाशी बसले होते. लोकांच्या चिठ्ठ्या वाचून खडे देणारी बाई मी. त्यांतलं किती खरं किती खोटं, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. गिऱ्हाइकाचं समाधान झालं की झालं. आता तोच पंचांगाचा कागद माझ्या नावाने निघाला होता. पटत नव्हतं, आणि तरी डोक्यातून जात नव्हतं. तीस वर्षं माझी आई हे एकटीने पोटात घेऊन बसली होती, याचं मात्र राहून राहून नवल वाटत होतं.

काही दिवस मी तसेच काढले. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तामड्याचा कप्पा बाहेर ओढला. इतकी वर्षं विकत होते, पण नीट असा कधी पाहिलाच नव्हता. तामडा भडक नसतो. हातात घेतला तर काळपट वाटतो, उजेडापुढे धरला की आत डाळिंबाचा दाणा पेटतो. गोमेद त्याच्याच कुळातला, पण रंगाने वेगळा. जुन्या काळी लोक प्रवासाला निघणाऱ्याला तामडा द्यायचे म्हणे, माणूस सुखरूप परत येतो म्हणून. आणि मोत्याच्या मानाने किती सोशीक! कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने घासला की झाला लखलखीत. एकदम तापवायचा नाही आणि हिऱ्यांच्या डबीत टाकायचा नाही, ओरखडे पडतात, एवढंच पथ्य. मी एक लंबगोल दाणा निवडला, धुतला, पुसला आणि बोटावर ठेवून बघत बसले.

“तामडा?”

आत्याबाई मागे उभ्या होत्या. दुपारचं जेवण झालं की त्या दुकानाच्या आतल्या बैठकीवर येऊन बसायच्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जास्तच दिसायला लागलं होतं.

“हा जानेवारीचा ना?” त्या म्हणाल्या. “रोज ऐकते मी तुझं पोरींना सांगणं. तू तर जूनची.”

“सहज बघत होते.”

“मंदा, तू येळवशीहून आलीस तेव्हापासून बघते आहे. ताटावर बसतेस, पण लक्ष दुसरीकडेच. काय झालंय?”

मला आईची शपथ आठवत होती. पण या बाईने मला तीस वर्षांत एकदाही खोटं बोलायची वेळ येऊ दिली नव्हती. मी सांगून टाकलं. येळवस, मूळ नक्षत्र, गुरुजी, नाना, एक जून, सगळं. मामंजींचं सांगताना मी तामड्याकडेच बघत होते.

आत्याबाई ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्या बैठकीवर बसल्या आणि मांडीवरचं लुगडं सारखं करत राहिल्या.

“आत्याबाई, काहीतरी बोला.”

“तुझ्या आईला एवढी वर्षं असं वाटतंय?”

“हो.”

“अरे देवा.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “मंदा, ऐक. माझ्या दिनूला हे ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुमची सोयरीक जमण्याच्या आधी, दिवाळीत, यांना घेऊन मी सोलापूरला गेले होते. जेवण जात नव्हतं त्यांना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात गाठ आहे, फार पसरली आहे. वर्ष निघालं तर नशीब समजा.”

मी हातातला तामडा काउंटरवर ठेवला.

“त्यांना कळलंच होतं. मला म्हणाले, दिनूचं लग्न डोळ्यांदेखत करायचं. आणि दुखण्याचं कुणाला बोलायचं नाही. कर्ता माणूस अंथरुणाला लागणार, दुकान कोवळ्या पोराच्या गळ्यात पडणार, अशा घरात कोण मुलगी देईल? तुझे नाना आले बघायला, तेव्हा हे दोन उशा पाठीशी लावून ताठ बसले होते. हसत होते. मी पडद्याआड उभी होते. पत्रिका नाही म्हणाले तुझे नाना, तर यांनी लगेच म्हटलं, नावावरून बघू. मला वाटलं, सुटलो. घाई आम्हाला होती.”

“म्हणून तुम्ही त्या वेळी... पायगुणाचं कुणी बोललं तेव्हा...”

“मग काय करू? तुझ्या डोक्यावर येऊ देऊ? मला माहीत होतं ना खरं. पण तोंड उघडून खरं सांगायचीही छाती झाली नाही. वाटायचं, तुझ्या आईवडिलांना कळलं तर म्हणतील, मरणाऱ्या माणसाच्या घरात पोरगी ओढून घेतली.” त्या उठल्या. पायांत चपला सरकवल्या. “दिनूला दुकान बघू दे. तू रिक्षा बोलाव. स्टँडवर जायचं, औशाला.”

“आता?”

“मग कधी? तुझ्या आईचं वय काय, माझं काय?”

औशाला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात आम्हा दोघींना पाहून आईचा चेहराच उतरला. तिला सगळं समजलं. मी शपथ मोडली, हे समजलं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि काही बोलायच्या आत हात जोडून म्हणाली, “विहीणबाई, माझं चुकलं. काय बोलायचं ते मला बोला. तिला काय म्हनू नका.”

आत्याबाईंनी तिचे जोडलेले हात धरले आणि तिला खाली बसवलं. स्वतः तिच्याशेजारी, जमिनीवरच बसल्या. मग सोलापूरपासून सगळं सांगितलं. आई ऐकत होती, पण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

“म्हंजी,” तिने विचारलं, “लग्नाच्या आदीपासून?”

“सोयरीक ठरायच्या आधीपासून. तुमच्या मुलीचं नावही आम्हाला माहीत नव्हतं तेव्हा.”

“पोटात?”

“पोटात.”

“आन् जेवत नव्हते?”

“दिवाळीपासून नुसत्या पेजेवर होते. लग्नात जिलेबी घेतली ना पानात, ती मी हळूच काढून घेतली.”

आईने पदर तोंडावर दाबला. तिचे खांदे हलायला लागले. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “फसवलं तुम्हाला आम्ही. नानांच्या समोर बसून फसवलं.”

“आन् आमी तुमाला,” आई पदराआडून म्हणाली. “आमीबी फसवलंच की.”

कोण आधी हसलं कळलं नाही. रडता रडता दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या की भावजय स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच उभी राहिली.

चहा झाला. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. आईने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, जणू मी नुकतीच दारातून आत आले होते. मग कुणी न विचारता बोलायला लागली.

“सांजची वेळ होती. थंडी मरनाची. सुईन लवकर आली न्हाई, तवा माझ्या सासूनंच हात लावला. झालीस तर रडलीच न्हाईस. मला वाटलं, गेली. तर डोळे टक्क उघडे. कंदिलाकडं बघूलालती. नाना दारात. त्यांना आत यायला कुनी देईना, तर म्हनले, नुसतं तोंड दावा. केस म्हनशील तर इतके, कानावर आलेले...”

ती माझा जन्म सांगत होती. पन्नाशीला आलेल्या मला तो पहिल्यांदा कळत होता. बोलता बोलता तिने दोन्ही हात पुढे केले, वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर, आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, “एवढी हुतीस. एवढीच.”

आत्याबाई भिंत सोडून पुढे सरकल्या होत्या. “आणि मग?” त्या म्हणाल्या. “रडली कधी?”